छपरावर सोलर आहे, मग लाइट गेल्यावर घरात अंधार का?

हरसूलच्या बाजारपेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे दुरुस्तीपेक्षा चार्जिंगचीच गर्दी जास्त असते. पाड्यावरून आलेला माणूस एकच फोन घेऊन येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घरचे आणि शेजारचे मिळून चार-पाच फोन असतात, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल तर जास्त सांगायला नको. एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. कुठेतरी झाड तारेवर पडतं, कुठे खांब वाकतो, आणि लाइट जाते ती जातेच.

त्या गर्दीत एक प्रश्न दर पावसाळ्यात येतो. "भाऊ, छपरावर सोलर टाकलं तर लाइट गेल्यावर चालेल ना?"

आधी मी बिनधास्त "हो" म्हणायचो. सूर्य आपला, पॅनल आपलं, मग लाइन असो नाहीतर नसो, आपल्याला काय फरक पडतो? याच समजुतीत मी माझ्या मामांना सोलर घ्यायला लावलं. त्यांचं घर गावातच आहे, स्लॅबचं. २ किलोवॅटचे पॅनल बसले, ६० हजार अनुदान मिळालं, बिल जवळजवळ शून्यावर आलं. मामा खूश, मी त्याहून खूश. मग जुलै आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन: "अरे भाचा, छपरावर लाखाचं सोलर आणि घरात मेणबत्ती? हे कसलं रे तुझं सोलर?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी पाऊस थोडा उघडला होता, ऊनही पडलं होतं. पॅनल ठीक होते, वायरिंग ठीक होतं. तरी इन्व्हर्टरवर लाल दिवा आणि घरात अंधार. ज्यांनी सिस्टीम बसवली त्यांचीही चूक नव्हती. चूक माझी होती, कारण मी नीट समजून न घेता सल्ला दिला होता. त्यानंतर मी जे शिकलो ते इथे लिहितोय, म्हणजे तुमच्या मामांचा असा फोन तुम्हाला येऊ नये.

ऑन-ग्रिड सोलर लाइनशिवाय चालत का नाही?

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातल्या १ कोटी घरांवर सोलर बसवायचं हे तिचं उद्दिष्ट. अनुदान पहिल्या २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये, आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टीमला एकूण ७८ हजार. या योजनेत बहुतेक घरांवर बसतं ते ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे लाइनला जोडलेलं आणि बॅटरी नसलेलं. दिवसा पॅनलची वीज घरात वापरली जाते, उरलेली लाइनवर जाते, रात्री तुम्ही लाइनवरून घेता. मीटर दोन्हीकडचा हिशोब ठेवतो आणि तुम्ही दिलेली युनिट्स बिलातून वजा होतात. बिल कमी करायला ही उत्तम सोय आहे.

पण या पद्धतीत तुमची बॅटरी कुठे आहे? तुमच्याकडे नाही. लाइन हीच तुमची बॅटरी. ती तुटली की बॅटरीच गेली.

याहून महत्त्वाचं कारण वेगळं आहे. समजा झाड पडून तार तुटली. वायरमन एबी स्विच खाली ओढतो, लाइन बंद करतो आणि खांबावर चढतो. त्याच वेळी खालच्या दहा घरांचं सोलर लाइनवर वीज ढकलत असेल तर? ती वीज आधी डीपीकडे जाते. (डीपी म्हणजे व्हॉट्सॲपचा फोटो नव्हे, गावातला ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडे सगळे त्याला डीपीच म्हणतात.) हा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टची वीज उतरवून घरगुती व्होल्टेजला आणतो. पण तो उलटाही चालतो. घराच्या बाजूने वीज आली तर दुसऱ्या बाजूला पुन्हा ११ हजार व्होल्ट तयार होऊ शकतात, आणि तिथे तर माणूस तारेला हात लावून बसलेला असतो.

म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला नियमच असा घालून दिलेला आहे की लाइन गेली की त्याने लगेच बंद व्हायचं. ऊन कितीही कडक असो. आणखी एक गोष्ट म्हणजे हा इन्व्हर्टर स्वतःची लय स्वतः ठरवत नाही. लाइनवरची वीज सेकंदाला ५० वेळा वरखाली होते, त्या तालावर हा आपली वीज मिसळतो. ढोलकीच नसेल तर टाळ कशावर धरायचा? मामांच्या छपरावरचं सोलर बिघडलेलं नव्हतंच. ते नियमाप्रमाणे गप्प बसलं होतं.

एक गोष्ट मला नंतर मामांच्या मोबाइलवर दिसली. या इन्व्हर्टरचं ॲप असतं, त्यात दिवसभराच्या उत्पादनाचा आलेख येतो. एप्रिलमधल्या कडक उन्हाच्या दिवसांतही त्या आलेखात मध्येच खड्डे होते. लाइट तर गेलेली नव्हती. मग कळलं की व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या फार खाली किंवा वर गेलं तरी इन्व्हर्टर लाइनपासून सुटतो आणि काही मिनिटं थांबून पुन्हा जोडला जातो. लाइनच्या टोकावरच्या गावात हे नेहमीचं. तुमच्या घरी सोलर असेल तर एकदा ॲप उघडून असे खड्डे शोधा. आभाळ स्वच्छ असताना आलेख सरळ शून्यावर आला असेल तर आधी लाइन तपासायला सांगा, पॅनलला दोष नंतर द्या.

लाइन टोकालाच का तुटते?

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. कोयनेची १,९६० मेगावॅट. आपल्याच जिल्ह्यातल्या एकलहऱ्याची ६३० मेगावॅट. ही सगळी केंद्रं एकाच जाळ्यात वीज ओततात, आणि तुमच्या बल्बमध्ये आली ती नेमकी कुठली हे सांगता येत नाही. इतक्या मोठ्या पद्धतीचा फायदा साधा आहे: सगळे एकाच वेळी सगळं वापरत नाहीत. गिरणी दिवसा चालते, टीव्ही रात्री, नाशिकचे कारखाने पाळ्यांमध्ये. एकच यंत्र अनेकांच्या कामी येतं, म्हणून माणशी खर्च कमी पडतो. तुमच्या एकट्याच्या घरासाठी वीज बनवायची तर सगळ्यात जास्त लागेल त्या तासाचा विचार करून सिस्टीम घ्यावी लागते, आणि बाकीचे तास ती नुसती पडून राहते.

तोटाही याच रचनेत आहे. शहरात एका बाजूने पुरवठा तुटला तर बऱ्याचदा दुसऱ्या बाजूने वीज फिरवता येते. आमच्याकडे लाइन झाडाच्या फांदीसारखी जाते: उपकेंद्रापासून निघाली, जंगलातून, घाटातून, ओढ्यावरून, पाड्या-पाड्यांना फुटत गेली. मध्ये एका जागी तुटली की त्यापुढचे सगळे अंधारात. भर पावसात ती जागा शोधत माणसाने पायी फिरायचं. बरं, टोकावरच्या पाड्यात वीस घरं, प्रत्येक घरात दोन बल्ब आणि एक टीव्ही. लाइन टाकायचा आणि सांभाळायचा खर्च मात्र तितकाच, घरात महिन्याला ३० युनिट जळोत की ३००. आता सांगा, दुरुस्तीला माणूस कमी असेल तेव्हा तो आधी कुठे जाणार? कोणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. हिशोबच तसा आहे.

कागदावर आपलं सगळं झालेलं आहे. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेईसांग गावात वीज पोचली आणि देशातलं प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याचं सरकारने जाहीर केलं. पण त्या व्याख्येप्रमाणे शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागा आणि गावातल्या १० टक्के घरांत वीज आली की गाव विद्युतीकृत धरलं जातं. घराघरात जोडणी देण्यासाठी सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना आणावी लागली. त्या योजनेत एक कबुलीही होती: जिथे लाइन नेणं शक्य नाही तिथे २०० ते ३०० वॅटचा सोलर संच, सोबत बॅटरी, ५ एलईडी दिवे, १ पंखा आणि ५ वर्षांची देखभाल. म्हणजे सरकारनेही मोठी लाइन आणि घरचं सोलर हे दोन्ही एकाच योजनेत ठेवले होते. व्याख्येत एक गोष्ट मात्र कुठेच नव्हती, की आलेली वीज दिवसाचे किती तास टिकली पाहिजे.

४० वॅटमध्ये काय होतं?

आता छोट्या सोलरकडे येऊ. हे ऑफ-ग्रिड असतं: पॅनल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि त्यावर चालणारे दिवे. लाइनशी काही संबंध नाही, म्हणून लाइन गेली तरी बंद पडत नाही.

४० वॅटचं पॅनल घ्या. उन्हाळ्या-हिवाळ्यात आपल्याकडे पूर्ण ताकदीच्या उन्हाचे साधारण ५ तास धरतात. ४० गुणिले ५ म्हणजे २०० वॅट-अवर. उष्णता, वायर, बॅटरी यांत तिसरा हिस्सा गेला असं धरलं तर हाताशी राहतात १३० च्या आसपास. आता खर्च बघा. ५ वॅटचे दोन एलईडी रोज ५ तास म्हणजे ५० वॅट-अवर. फोनची ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर, चार्जिंगमधली घट धरून २५. दोन फोनचे ५०. झाले १००. थोडं उरलंच.

साधा छताचा पंखा ७५ वॅट खातो. रात्री ८ तास चालवला तर ६०० वॅट-अवर, विषय संपला. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आत चालतो, तरी २४० च्या आसपास लागतात. म्हणजे ४० वॅटचं पॅनल पंख्यासाठी नाहीच.

तुम्ही म्हणाल, दोन बल्ब आणि दोन फोन, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या घरात रात्री एका बाईला साप चावला. लाइट चार दिवसांपासून नव्हती. घरात चार फोन, त्यातले तीन बंद, चौथ्यात ६ टक्के बॅटरी. त्या ६ टक्क्यांवर १०८ ला फोन लागला. बाई वाचली. पण फोन लागला नसता तर काय, हा विचार मी करत नाही असं नाही. म्हणून मी दोन बल्ब आणि दोन फोनला थोडं म्हणत नाही.

आता खरी अडचण. जुलैमध्ये लाइट जाते, आणि जुलैमध्येच ऊन नसतं. ढग दाटले की पॅनलचं उत्पादन चौथ्या हिश्श्यावर येतं, काळ्याकुट्ट दिवशी दहाव्यावर. तुमचे १३० वॅट-अवर ३० वर आले. सोलर विकणारा हे सहसा सांगत नाही. त्याचा हिशोब नेहमी एप्रिलचा असतो, तुम्ही जुलैचा मागा. आमच्यासारख्या भागात पॅनल गरजेच्या दुप्पट घ्यावं, ४० च्या जागी ८० किंवा १०० वॅट. आणि बॅटरी किमान दोन दिवस बिनउन्हाची काढेल एवढी. पॅनल स्वस्त झालंय, त्यात कंजुषी करू नका.

बॅटरीचं गणित वेगळं. १२ व्होल्ट ४० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे ४८० वॅट-अवर, पण ती अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, म्हणून वापरायला मिळतात २४०. शिवाय तिच्यात डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागतं. आमच्याकडे लोक विहिरीचं पाणी टाकतात आणि वर्षभरात बॅटरी भंगारात जाते. लिथियम फॉस्फेटची बॅटरी महाग, पण तिची ८० टक्के क्षमता वापरता येते, पाणी लागत नाही, आणि दोन हजारांच्या वर चार्ज सहज काढते. ज्या घरात महिनाभर कोणी लक्ष देणार नाही तिथे लिथियमच. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात, त्यामुळे हा मुद्दा आमच्यासाठी छोटा नाही.

बाजारात पॅनल घेताना एक ओळख लक्षात ठेवा. चांगलं पॅनल एका चौरस फुटाला १५ ते २० वॅट देतं. वहीएवढ्या पॅनलवर "५० वॅट" लिहिलं असेल तर ते स्टिकर आहे, वॅट नाहीत. पॅनलचं तोंड दक्षिणेकडे, उतार साधारण २० अंश. झाडाची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन बरंच पडतं. पॉवर बँक घेणाऱ्यांसाठीही एक हिशोब: १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-अवर. त्यात ५,००० एमएएचचा फोन दोनदा नाही, सव्वा-दीड वेळा भरतो.

जिथे छोटं सोलर थांबतं

आमच्या पाड्यावर नागली दळायला गिरणी आहे, साडेसात एचपीची मोटर. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ही मोटर साडेपाच हजार वॅटच्या वर मागते. ४० वॅटची १४० पॅनल लागतील, आणि चालू होतानाच्या क्षणी मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते ते वेगळंच. गिरणी, वेल्डिंग, भात सडायचं मशीन, बर्फ, मोठा फ्रिज, म्हणजे ज्यातून पैसा मिळतो ते सगळं काम घरगुती छोट्या सोलरच्या बाहेर आहे.

हे लोकांना चांगलं कळतं. बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावात २०१४ मध्ये ग्रीनपीसने १०० किलोवॅटचं सौर मायक्रोग्रिड उभारलं. मोठा गाजावाजा झाला. मुख्यमंत्री आले तेव्हा गावकऱ्यांनीच मागणी केली की आम्हाला "असली बिजली" पाहिजे. कारण सोलरच्या विजेवर फ्रिज लावू नका, हे लावू नका, ते लावू नका, अशा अटी होत्या. लवकरच लाइन आली, ती स्वस्तही पडली, आणि काही वर्षांत बॅटऱ्या थकून तो प्रकल्प बंद पडला. बांगलादेशात तर २००३ पासून १५ वर्षांत ४० लाखांच्या वर घरांवर छोटी सोलर बसली, साधारण २ कोटी लोकांनी ती वापरली. लाइन गावोगाव पोचली तशी नवी मागणी आटली. मी याला अपयश म्हणणार नाही. पंधरा वर्षं मुलांनी रॉकेलच्या धुराशिवाय अभ्यास केला असेल तर ते काही कमी नाही. पण लोकांना गिरणीसुद्धा हवी असते. "यांना काय, दोन बल्ब पुरे" असं शहरातल्या कोणी ठरवू नये.

दुसरीकडे आपल्या पुणे जिल्ह्यातली दरेवाडी बघा. डोंगरातली चाळीसेक घरं. २०१२ मध्ये ग्राम ऊर्जा या पुण्याच्या कंपनीने तिथे साडेनऊ किलोवॅटच्या आसपासचं सामायिक सोलर उभारलं. प्रत्येक घराला मीटर, जेवढी वापराल तेवढे पैसे, आणि जमा झालेली रक्कम गावाच्याच न्यासाकडे, पुढच्या देखभालीसाठी. मला या गोष्टीतलं पॅनल महत्त्वाचं वाटत नाही. बॅटरी पाच-सहा वर्षांनी बदलावीच लागते, त्याचे पैसे आजपासून कोणीतरी बाजूला काढतंय, हे महत्त्वाचं आहे. आमच्या आजूबाजूच्या पाड्यांवर सोलरचे दिवे खांबावर उभे आहेत, त्यातले कितीतरी बंद. पॅनल चांगलं, दिवा चांगला, आत फक्त बॅटरी मेलेली. ती कोणी बदलायची हे कोणाच्याच कागदावर नव्हतं.

मधला मार्ग, आणि त्याची मर्यादा

राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. यात घरावर नाही, तर उपकेंद्राच्या जवळ जमिनीवर अर्धा ते २५ मेगावॅटचे सौर प्रकल्प उभे राहतात आणि शेतीपंपांच्या फीडरला दिवसा वीज देतात. वीज जवळच बनली की लांबून आणताना तारेत जी वाया जाते ती वाचते आणि टोकाला व्होल्टेजही बरं मिळतं. शेतकऱ्याला रात्री दोन वाजता मोटर चालू करायला जावं लागत नाही. ही मला आवडलेली कल्पना आहे. पण गोंधळ करू नका: उपकेंद्राजवळचा प्रकल्प तुटलेली तार जोडत नाही. पाड्याकडे येणारी लाइन पडली असेल तर प्रकल्प शेजारी असूनही तुम्ही अंधारातच.

सोलरचा सगळ्यात बिनतक्रार वापर मला विचाराल तर पाण्याचा. आमच्याकडे चार महिने पाण्यात आणि मार्चपासून हंडे घेऊन रांगेत. विहिरीवर किंवा बोअरवर सोलर पंप, वर टाकी. ऊन असेल तेव्हा पंप चालतो, टाकी भरते, संध्याकाळी नळाला पाणी येतं. बॅटरी लागतच नाही, टाकी हीच बॅटरी. आणि पाण्याची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच, उन्हाळ्यात, ऊनही सगळ्यात जास्त असतं. दिव्याच्या बाबतीत जे नेमकं उलटं होतं ते इथे जुळून येतं. शेतीसाठी राज्याच्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याला १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. आमच्या भागातल्या बहुतेकांना हा ५ टक्क्यांचा नियम लागू होतो आणि बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो.

आता दुकानात मी काय सांगतो

कोणी सोलरबद्दल विचारलं की मी आता उलट विचारतो: तुमचा त्रास नेमका काय आहे? बिल जास्त येतंय आणि घराला स्लॅब आहे, तर ऑन-ग्रिड घ्या, अनुदान घ्या, पण लाइट गेल्यावर ते चालणार नाही हे घरच्यांना आधीच सांगा. लाइट जाते हाच त्रास असेल तर बॅटरीशिवाय उपाय नाही. मग एकतर हायब्रिड इन्व्हर्टर, जो लाइन गेली की घराला लाइनपासून तोडतो आणि बॅटरीवर स्वतःची लय धरून चालतो, नाहीतर वेगळा छोटा संच. अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीचा खर्च तुमचा, हेही सांगतो. पाड्यावरच्या घरासाठी १०० वॅटचं पॅनल आणि लिथियम बॅटरी. आणि गिरणी टाकायची म्हणत असाल तर लाइनसाठी अर्ज करा, ग्रामसभेत ठराव घ्या, पाठपुरावा सोडू नका. घरात सोलर लागलंय म्हणून लाइनची तक्रार करायची नाही असं नसतं. हे मुद्दाम सांगतो, कारण चार घरांत दिवे दिसले की उरलेल्या पाड्याची तक्रारही मागे पडते, हे मी बघितलंय.

एक गोष्ट मात्र माझ्या कोणत्याच हिशोबात बसत नाही. टॉवरलाही वीज लागते. लाइट गेल्यावर टॉवर त्याच्या बॅटरीवर चालतो, मग डिझेल असेल तोवर जनरेटरवर. पाचव्या दिवशी तुमचा फोन १०० टक्के असतो आणि रेंजची एकही दांडी नसते. त्यावर घरच्या पॅनलचा काहीच इलाज नाही. आमच्याकडची पोरं अशा वेळी टेकडीवर चढून लांबच्या टॉवरची रेंज शोधतात. कुठल्या दगडावर दोन दांड्या येतात हे गावात सगळ्यांना पाठ आहे.

मामांचं म्हणाल तर त्यांच्याकडे आता जुन्या सिस्टीमला हात न लावता एक वेगळं १०० वॅटचं पॅनल आणि लिथियमची बॅटरी बसवली आहे. खर्च अर्धा मी दिला, माझ्या सल्ल्याची भरपाई म्हणून. त्यावर तीन बल्ब, दोन फोन आणि मामींच्या हट्टाने देवघरातला एक छोटा दिवा. मोठ्या इन्व्हर्टरच्या बाजूला मामांनी पेनाने लिहून ठेवलंय: "लाइट गेल्यावर हा बंद. भाच्याला फोन करू नये."